पाच शिलिंगांचं मृत्युपत्र

वूल्सथॉर्पच्या इझॅक न्यूटनने 1642 च्या ऑक्टोबरात मृत्युपत्र केलं आणि आठवडा उलटायच्या आत लिंकनशायरमधल्या त्याच्या गावी त्याला पुरलंही. मृत्युपत्रात स्वतःची ओळख त्याने ‘योमन’ अशी लिहवून घेतली होती. सही येत नव्हती, म्हणून खाली नुसती खूण केली. मागे राहिल्या 234 मेंढ्या, 46 गुरं, सगळं धरून 459 पौंड 12 शिलिंग 4 पेन्सची जंगम मिळकत, वर जमीन, आणि सहा महिन्यांपूर्वी लग्न करून आणलेली गरोदर बायको. नाताळच्या दिवशी झालेल्या मुलाला बापाचंच नाव ठेवलं. त्याने पुढे काय केलं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आपलं गिऱ्हाईक मात्र बाप आहे.

अशा माणसाला मृत्युपत्र कितीला पडतं? कायद्याच्या पुस्तकातलं उत्तर सोपं आहे: पाच शिलिंग. पण हे म्हणजे लग्नाचा खर्च विचारल्यावर भटजींची दक्षिणा सांगण्यासारखं झालं. खरा खर्च मृत्युपत्राच्या आत लिहिलेला असतो, आणि मरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. ज्याच्या वाट्याला जमीन येते तो थोरला मुलगा तो पुढची कित्येक वर्षं फेडत बसतो. म्हणून हे मार्गदर्शन. 1642 च्या सुमाराचा, दक्षिण किंवा मध्य इंग्लंडमधला योमन समोर धरला आहे. नियम पुढे बदलले तिथे साल दिलं आहे.

योमन म्हणजे स्वतःची जमीन कसणारा खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. वरच्या पायरीवर जंटलमन, तो नांगराला हात लावत नाही. खालच्या पायरीवर हजबंडमन, त्याची जमीन कमी. पैशाचा हिशेब असा: पौंडाचे 20 शिलिंग, शिलिंगाचे 12 पेन्स. रुपये-आणे-पैंत वाढलेल्या पिढीला हे जड जाणार नाही. अंदाजासाठी एक माप हाताशी ठेवा. दक्षिणेकडे मजुराला दिवसाला 10 ते 12 पेन्स मिळतात. म्हणजे पाच शिलिंग ही मजुराची पाच-सहा दिवसांची कमाई.

जमीन तुमची, पण किती?

लेखणी हातात घेण्याआधी एक संध्याकाळ जुने कागद काढून बसा. घरातली गुरं, धान्य, भांडी, रोकड, येणी, भाडेपट्टे हे सगळं जंगम; दक्षिणेत ते कुणालाही देऊन टाका, कायदा आड येत नाही. उत्तरेकडे, यॉर्कच्या आर्चबिशपच्या प्रांतात राहत असाल तर मात्र हात बांधलेले: जंगमाचा तिसरा हिस्सा बायकोचा, तिसरा मुलांचा, उरलेला एक तृतीयांशच तुमच्या मर्जीचा. ही चाल 1692 पर्यंत टिकली.

जमिनीचं गणित वेगळं. पूर्ण मालकीची साधी जमीन 1540 च्या कायद्यापासून मृत्युपत्राने देता येते, पण लेखी हवं. मरताना तोंडी सांगून जमीन जात नाही. एखादा तुकडा जर जुन्या लष्करी चाकरीच्या अटीवर धरलेला असेल, तर अशा जमिनीचा तिसरा हिस्सा वारसाकडेच जाऊ द्यावा लागतो. त्यातून ती जमीन थेट राजाकडून आलेली असेल आणि मुलगा अज्ञान असेल, तर त्याचं पालकत्व राजाच्या वॉर्ड कोर्टाकडे जातं, आणि हे पालकत्व विकलं जातं. होय, विकलं. आईला स्वतःचा मुलगा पैसे मोजून सोडवून घ्यावा लागल्याची उदाहरणं आहेत. पार्लमेंटने हे कोर्ट 1646 मध्ये बंद पाडलं आणि 1660 मध्ये त्या जमीनधारणेचाच निकाल लावला. त्याच 1660 च्या कायद्याने बापाला मृत्युपत्रातून मुलांचा पालक नेमायची मुभा दिली.

तिसरा प्रकार कॉपीहोल्डचा. ही जमीन गढीच्या मालकाच्या वहीत तुमच्या नावावर असते. नुसत्या मृत्युपत्राने ती देता येत नाही. आधी गढीच्या कोर्टात जाऊन, मृत्युपत्रात ज्याचं नाव लिहीन त्याच्यासाठी म्हणून, ती मालकाच्या हाती सोडावी लागते. अंथरुणाला खिळला असाल तर बऱ्याच गावांत गढीचे दोन खातेदार बोलावून त्यांच्या हाती सोडली तरी चालते. इथे खर्च दोनदा येतो. तुम्ही गेलात की अनेक गढ्यांत मालक गोठ्यात येऊन सर्वांत चांगलं जनावर निवडून नेतो. त्याला हेरिअट म्हणतात. आणि मुलाचं नाव वहीत चढवताना नजराणा द्यावा लागतो. काही गढ्यांत तो ठरलेला असतो, काहींत मालकाच्या मनावर. कोर्टांनी हळूहळू त्याला जमिनीच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाची मर्यादा घातली. मृत्युपत्राच्या फीपुढे हा आकडा डोंगराएवढा आहे, आणि नेमका तोच लोक धरायला विसरतात.

लिहिणार कोण?

वकीलच हवा असं काही नाही. गावचा पाद्री, शाळामास्तर, दुकानदार, हिशेब ठेवणारा शेजारी, ज्याचं अक्षर बरं त्याला बोलावतात. भाव ठरलेला नाही. थोडे पैसे, जेवण आणि एलचा, म्हणजे बिअरचा, पेला. वकिलाकडे गेलात तर 6 शिलिंग 8 पेन्स हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा लाडका आकडा ऐकायची तयारी ठेवा. मसुदा कुणाकडे नसेल तर छापील पुस्तकं आहेत. यॉर्कच्या धर्मकोर्टाचे न्यायाधीश हेन्री स्विनबर्न यांनी मृत्युपत्रांवर 1590 मध्ये लिहिलेला ग्रंथ पुन्हा पुन्हा छापला जातो, आणि मुख्य म्हणजे तो लॅटिनमध्ये नसून इंग्रजीत आहे. सुरुवातीला देवाचं नाव, मग शरीर आजारी असलं तरी स्मरण शाबूत असल्याची ग्वाही, मग आत्मा देवाला आणि देह चर्चच्या आवारातल्या मातीला. हा भाग बहुतेकदा लिहिणाऱ्याच्या ठेवणीतला असतो. एकाच गावातली दहा मृत्युपत्रं शेजारी ठेवलीत तर दहा शेतकऱ्यांची भक्ती एकाच साच्यातून निघालेली दिसेल. त्यावर वेळ घालवू नका, दम राखून ठेवा. पुढे आकडे सांगायचे आहेत.

जंगमासाठी दोन साक्षीदार पुरतात. 1677 च्या कायद्यानंतर जमीन द्यायची तर सहीखेरीज तीन किंवा चार विश्वासू साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, मग तो कितीही सज्जन असो.

तोंडी मृत्युपत्र फुकट होतं, म्हणून लोक त्यावर विसंबतात. प्लेगमध्ये इलाजच नसतो. 1636 साली न्यूकॅसलमध्ये प्लेगने जवळजवळ अर्धं शहर नेलं, तेव्हा राल्फ टेलर नावाचा तरुण लेखनिक रोग्यांची मृत्युपत्रं लिहीत हिंडत होता. एकदा तर तो शहराच्या तटावर उभा राहिला, रोगी समोरच्या घराच्या खिडकीशी आला, आणि त्याने सांगितलेलं टेलरने उतरवून घेतलं. धाडस मोठंच, पण अशा मृत्युपत्रांवर पुढे वाद झाले, साक्षी झाल्या. फुकटची गोष्ट वारसांना महागात पडते ती अशी. 1677 नंतर तर 30 पौंडांवरच्या मिळकतीला तोंडी मृत्युपत्रासाठी तीन साक्षीदारांसकट इतक्या अटी आहेत की त्यापेक्षा शाळामास्तर परवडला.

ओळींच्या मध्ये मजकूर घुसडू नका. स्ट्रॅटफर्डच्या विल्यम शेक्सपिअरने 1616 मध्ये वकिलाच्या मदतीने तीन पानी मृत्युपत्र केलं, आणि बायकोला दुसऱ्या नंबरचा पलंग दिल्याची ओळ मागाहून दोन ओळींच्या मध्ये कोंबली. त्या एका ओळीचा अर्थ लावणाऱ्यांची पोटं आजतागायत भरताहेत.

कोर्टाची फी

मृत्युपत्र खरं ठरवून घेणं, म्हणजे प्रोबेट, हे काम चर्चच्या कोर्टाचं. 1529 च्या कायद्याने फी बांधून दिली आहे. मिळकत 5 पौंडांच्या आत असेल तर कोर्टाला काही नाही, फक्त नोंद करणाऱ्या कारकुनाला 6 पेन्स. 5 ते 40 पौंडांपर्यंत 3 शिलिंग 6 पेन्स. 40 च्या वर 5 शिलिंग, त्यातले अर्धे धर्माधिकाऱ्याचे, अर्धे कारकुनाचे. कारकुनाला वाटलं तर तो आपल्या अडीच शिलिंगांऐवजी दर दहा ओळींना एक पेनी मागू शकतो, ओळ दहा इंचांची. म्हणून लांबलचक धार्मिक प्रस्तावना फुकट नसते, हेही ध्यानात घ्या.

या दरपत्रकातली गंमत बघा. 41 पौंडांवाल्याला पाच शिलिंग आणि न्यूटनच्या 459 पौंडांनाही पाचच. श्रीमंत योमनला एवढी स्वस्त सेवा दुसरीकडे मिळणार नाही. अर्थात कागदावर. प्रत्यक्षात चर्मपत्रावरची नक्कल, मोहर, शपथ, हमीपत्र, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कागद अशी एकेक रक्कम वेगळी लागते, आणि कोर्टवाले जास्त घेतात ही ओरड सगळ्या शतकभर चालू आहे. बिल मागा आणि प्रत्येक कलमापुढचा आकडा विचारा. 1694 नंतर सरकारनेही त्यात हात घातला: 20 पौंडांवरच्या मिळकतीच्या प्रोबेटला 5 शिलिंगांचा स्टँप.

कोणत्या कोर्टात जायचं यावरही खर्च ठरतो. मिळकत एकाच भागात असेल तर आर्चडीकनचं कोर्ट बरं, ते फिरत फिरत जवळच्या बाजाराच्या गावी येतं. त्यावर बिशपचं कोर्ट. पण 5 पौंडांची किंवा त्याहून जास्त मिळकत दुसऱ्या बिशपच्या हद्दीतही असेल, तर प्रकरण कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, म्हणजे लंडनला सेंट पॉल्सजवळच्या डॉक्टर्स कॉमन्समध्ये जातं. परगण्यापलीकडच्या मेव्हण्याला 10 पौंड उसने दिले असतील तर मरायच्या आधी वसूल केलेले बरे. विधवेला लंडनला जायची गरज नाही, जवळच्या पाद्र्यासमोर शपथ घ्यायची परवानगी मिळते, पण त्या परवानगीचेही पैसे पडतात. 1653 ते 1660 या काळात, राजा नसताना, चर्चची कोर्टं बाजूला सारून देशभरासाठी एकच कोर्ट लंडनात बसवलं होतं. कॉर्नवॉलच्या विधवेचं 15 पौंडांचं मृत्युपत्रसुद्धा तिथेच.

जाता जाता चर्चची आणखी दोन येणी. जिथे तशी चाल आहे तिथे मृतामागे मॉर्चुअरी द्यावी लागते: जंगम 30 पौंडांपर्यंत 3 शिलिंग 4 पेन्स, 40 पर्यंत 6 शिलिंग 8 पेन्स, त्यापुढे 10 शिलिंग, 6 पौंड 13 शिलिंग 4 पेन्सच्या खाली माफ. आणि आवाराऐवजी चर्चच्या आत पुरायचं असेल तर बऱ्याच गावांत 6 शिलिंग 8 पेन्स. शेजाऱ्यांना ब्रेड, चीज, एल आणि दारी आलेल्या गरिबांना दान हा खर्च मात्र तुमच्या इभ्रतीप्रमाणे. तो कोर्टाच्या फीला सहज मागे टाकतो.

शेजाऱ्यांची यादी

1529 च्याच कायद्याने मालाची यादी सक्तीची आहे. दोन-चार जाणते शेजारी येतात आणि घरभर हिंडून भाव लावतात. सुरुवात नेहमी खिशातल्या पैशांपासून आणि अंगावरच्या कपड्यांपासून. मग बैठकीची खोली: टेबल, बाकं, चुलीवरचे आकडे. मग आतली खोली: पलंग, पिसांची गादी, उशा, पडदे, चादरींच्या जोड्या. मग दूधघर, एलची पिंपं, चीजच्या फळ्या, खुंटीला टांगलेला डुकराचा खारा मांसगोळा. बाहेर कोठारातलं धान्य, शेतात उभं पीक, गुरं, मेंढ्या, नांगर, गाडी, आणि शेणखताचा उकिरडासुद्धा. शेवटी ‘विसरलेल्या वस्तू’ म्हणून थोडे पेन्स धरून यादी बंद. जमीन यात येत नाही, पण भाडेपट्टा येतो आणि लोकांकडची येणीही येतात.

यादीत सर्वांत चकित करणारी गोष्ट पलंगाची. लाकूड, पिसांची गादी, पडदे धरून चांगल्या पलंगाला एका गायीचे पैसे सहज पडतात. मृत्युपत्रांत लोक पलंग नाव घेऊन वाटतात ते प्रेमाचं लक्षण असेलही, पण तो घरातला सर्वांत किमती माल आहे हे आधी. मुलीला पलंग द्यायचा असेल तर कुठल्या खोलीतला, कुठल्या चादरींसकट, हे लिहा. नाहीतर मिळेल ती नुसती चौकट.

भाव बेताचा लावायची शेजाऱ्यांची रीत आहे. फी टप्प्यांवर असल्यामुळे 42 पौंडांचे 39 झाले तर दीड शिलिंग वाचतो, असला विचार कुणाच्या मनात येत नसेल असं मी म्हणणार नाही.

मुलींचे पैसे कोण देणार?

आता मुख्य खर्च. एक हिशेब मांडू. आकडे माझे, पण काळाला धरून.

समजा तुमची पूर्ण मालकीची जमीन 60 एकर. एकरी 10 शिलिंग खंड धरला तर वर्षाला 30 पौंडांची. जंगम 200 पौंडांचं. बायको, दोन मुलगे, दोन मुली. चारचौघांसारखं तुम्ही ठरवता: जमीन थोरल्याला, धाकट्याला 80 पौंड, मुलींना 60-60, ते 21 व्या वर्षी किंवा लग्नात, जे आधी येईल तेव्हा, बायकोला वर्षाला 8 पौंड. वाचायला किती न्याय्य वाटतं! चर्चमध्ये वाचून दाखवलं तर माना डोलतील.

थोरल्याच्या जागी बसा. जंगमातून आधी तुमचं कर्ज जाणार, कारण कर्ज फिटल्याशिवाय कुणाला काही देता येत नाही. समजा 30. अंत्यविधी आणि फी मिळून 10. बायकोला घरातलं सामान 40 चं. उरले 120, पण त्यात नांगराची जनावरं, गाडी, बी-बियाणं आहे. ते विकलं तर जमीन कसणार कशाने? म्हणजे भावंडांचे 200 पौंड त्याला जमिनीतून काढायचे. एकदम द्यायचे तर कर्ज. 1624 च्या कायद्याने व्याजाची मर्यादा शेकडा 8. 200 वर वर्षाला 16 पौंड. 30 मधून आईचे 8, सावकाराचे 16, हाती उरले 6. स्वतः राबून खंडापेक्षा जास्त काढेल हे खरं, पण एक पावसाळी उन्हाळा आला की तेही गेलं. 1651 पासून व्याज शेकडा 6 वर आलं, तरी वर्षाला 12 जातातच. तुम्ही ज्याला जमीन दिली असं गाव म्हणतं, त्याला तुम्ही खरं तर कर्ज दिलंत.

म्हणून आकडा कमी करण्यापेक्षा तारखा पसरा. पहिल्या मुलीचे तुमच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, दुसरीचे चार, धाकट्याचे सहा. धाकट्याला रोकड देण्याऐवजी एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावायचा खर्च आजच, जिवंतपणी करून टाका. ज्या मुलीचं लग्न लावून दिलं आहे तिला मृत्युपत्रात 12 पेन्स लिहा. हा अपमान नाही, तिचा वाटा पोचल्याची खूण आहे. ते 12 पेन्स लिहिले नाहीत तर जावई येऊन विचारेल, की सासऱ्यांच्या स्मरणातून आमची हिला वगळली कशी?

उलट बाजूने मुलींचंही संरक्षण करा. थोरल्याने पैसे थकवले तर बहिणीला त्या जमिनीत शिरून वसुली होईपर्यंत उत्पन्न घ्यायचा अधिकार आहे, असं कलम घाला. हे कलम नसेल तर तिला चर्चच्या कोर्टात किंवा लंडनच्या चॅन्सरी कोर्टात जावं लागेल, आणि तिचे 60 पौंड वाटेतच संपतील. एखादं भावंड सज्ञान होण्याआधी गेलं तर त्याचा वाटा कुणाकडे, हेही लिहा. आणि बायको गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला विसरू नका.

मुलीचं लग्न झालं की तिचे पैसे नवऱ्याचे होतात, आपल्याकडच्या स्त्रीधनासारखी आडकाठी इंग्लंडच्या कायद्यात नाही. बडी घराणी चॅन्सरीच्या आधाराने ट्रस्ट करतात. शेतकऱ्याला जावयाकडून बाँड लिहून घेणं परवडतं. शेक्सपिअर जंटलमन होता खरा, पण त्याची युक्ती उचलण्यासारखी आहे. धाकटी ज्युडिथ मृत्युपत्राच्या काही आठवडे आधीच लग्न करून गेली होती, आणि जावयाबद्दल बापाचं मत फारसं बरं नसावं. त्याने तिला ठरावीक रक्कम दिली, पण पुढचे 150 पौंड अडकवून ठेवले: ती किंवा तिचं मूल तीन वर्षांनी हयात असलं तर, तोवर पौंडाला 2 शिलिंग व्याज तिच्या हाती, आणि नवऱ्याला मुद्दल हवं असेल तर त्याने तेवढ्याच किमतीची जमीन आधी तिच्या नावे करावी. बहीण जोनला राहतं घर हयातभर, वर्षाला 12 पेन्स भाड्यावर. वकिलाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

बायकोचा तिसरा हिस्सा

तुम्ही लिहिलेले 8 पौंड आठवा. कायद्याने विधवेला नवऱ्याच्या पूर्ण मालकीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळतो, आणि मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. 30 चा तिसरा हिस्सा 10. म्हणजे तुमच्या उदार मृत्युपत्रापेक्षा तिचा हक्क दोन पौंडांनी मोठा! आणखी एक मेख. तुम्ही दिलेलं या हक्काच्या बदल्यात आहे असं स्पष्ट लिहिलं नाही, तर ती दोन्ही मागू शकते, आणि मग थोरल्याच्या हाती काहीच राहत नाही. कॉपीहोल्डमध्ये विधवेला काय मिळतं ते गढीच्या चालीवर. कुठे तिसरा हिस्सा, कुठे अर्धा, कुठे सगळी जमीन, आणि बरेचदा पुन्हा लग्न केलं की बंद. तुमच्या गढीची चाल कारकुनाला विचारा.

8 पौंडांत तिला राजी करायचं असेल तर वर राहण्याची सोय द्या, आणि ती तपशिलाने लिहा. मला जुनी मृत्युपत्रं वाचताना सर्वांत जास्त माणसं दिसतात ती इथे. आतली खोली आईची. चुलीपाशी बसायची आणि रांधायची मुभा. विहिरीवर, अंगणातून, मागच्या दारातून जाण्यायेण्याची वाट. वर्षाला इतक्या गाड्या जळण, तोडून, आणून, दारात रचून. एक गाय थोरल्याच्या कुरणात उन्हाळी-हिवाळी. बागेतल्या अमुक झाडाची सफरचंदं. वाचणाऱ्याला हसू येईल, पण ‘आईला सांभाळावं’ एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षी सून घरात आल्यावर त्या दोन शब्दांची किंमत काय राहते ते सांगायला नको. जळणाच्या गाड्या मोजता येतात, माया मोजता येत नाही. ‘जुळलं नाही तर खोलीऐवजी वर्षाला 2 पौंड’ असं कलमही टाका. वेगळं राहायचं ठरलं तर भांडण तेवढ्यावर मिटतं.

ती पुन्हा लग्न करील या भीतीने ‘विधवा राहील तोवर’ ही अट लोक घालतात. घाला, पण ती भीती कशाची आहे हे ओळखा: नवा नवरा तिच्या हातातलं जंगम, आणि त्याबरोबर मुलांचे न दिलेले वाटेही, गिळू शकतो. त्यावर अटीपेक्षा बाँड चांगला. लग्नाआधी त्याने मुलांचे वाटे देण्याची हमी द्यावी, असं एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला, बजावून ठेवा. न्यूटनची विधवा हॅना हिला या गोष्टी कळत होत्या असं दिसतं. मुलगा तीन वर्षांचा असताना तिने शेजारच्या नॉर्थ विदमच्या साठी उलटलेल्या धर्मगुरूशी, बार्नबस स्मिथशी लग्न केलं. सौद्यात त्याने जमिनीचा एक तुकडा लहानग्या इझॅकच्या नावे केला आणि वूल्सथॉर्पचं घर दुरुस्त करून दिलं. मुलाला मात्र आजीकडे ठेवलं. त्याचा हिशेब कुठल्या कागदात नाही.

बहुतेक योमन बायकोलाच एक्झिक्युटर करतात, आणि ते ठीकच आहे. दिमतीला दोन शेजारी देखरेखीसाठी नेमा, त्यांना त्रासाबद्दल दोन-दोन शिलिंग ठेवा.

काहीच नाही केलं तर?

मृत्युपत्र नसेल तर जमीन सगळी थोरल्या मुलाकडे. मुलगे नसतील तर मुलींना सारखी. केंटमध्ये सगळ्या मुलग्यांना सारखी, आणि काही गावांत तर धाकट्याला. जंगमासाठी कोर्ट एखाद्या नातलगाला, बहुधा विधवेला, हमी घेऊन कारभार देतं. 1670 च्या कायद्याने वाटप ठरवून दिलं: तिसरा हिस्सा विधवेचा, बाकी मुलांत सारखा. पाच शिलिंग वाचवण्यात फायदा नाही, हमीपत्राचा खर्च त्याहून जास्त होतो.

विसरभोळेपणा हुशारीवर अवलंबून नसतो. ज्या मुलाच्या बापाने मरणाच्या दारात खूण करून मृत्युपत्र पुरं केलं, तो सर इझॅक न्यूटन 1727 मध्ये वारला तेव्हा सुमारे 32,000 पौंड मागे होते आणि मृत्युपत्र नव्हतं. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता तो! जंगम गेलं आईच्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांच्या मुलांकडे, आणि वूल्सथॉर्पची जमीन बापाकडच्या दूरच्या नात्यातल्या एका जॉन न्यूटनकडे.

पैसे देताना

हे तुमच्या एक्झिक्युटरसाठी. आधी अंत्यविधी, मग राजाचं देणं, मग कोर्टाचे हुकूमनामे, मग बाँडवरचं कर्ज, मग तोंडी उधारी, आणि सर्वांत शेवटी मृत्युपत्रातल्या देणग्या. हा क्रम मोडून मुलीला आधी पैसे दिले आणि बाँडवाला सावकार नंतर उगवला, तर ते बायकोला पदरचे भरावे लागतील. घाई करणाऱ्या जावयाला वर्षभर थांबायला सांगा.

आणि दर वेळी पैसे देताना फारकतीचा कागद लिहवून घ्या: अमुक मृत्युपत्रातले माझ्या बायकोचे 60 पौंड पुरते मिळाले, आता मागणं नाही. जावयाची सही किंवा खूण, दोन साक्षीदार, तारीख. इंग्लंडात वर्ष 25 मार्चला सुरू होतं, तेव्हा फेब्रुवारीत पैसे दिले तर कोणतं साल ते नीट बघून लिहा. लिहिणाऱ्याला 6 पेन्स द्या आणि कागद मृत्युपत्राच्या नकलेबरोबर त्याच पेटीत ठेवा. धाकट्या भावंडाचा वाटा द्यायला अजून चार वर्षं असतील.